शेलाचा पट्टा

तिम्नाच्या मेंढ्या कातरणीच्या सणाला, दुपार कलता कलता, यहूदाचा तिसरा मुलगा शेला मोठा झाला. तेव्हा त्याचं वय सदतीस होतं.

पण वेशीवरच्या पंचांनी असं काही घडलंच नसल्याचं जाहीर केलंय, आणि आमच्याकडे पंचांचा शब्द मोडायची पद्धत नाही. तेव्हा घडलं नाही. वरची दोन वाक्यं मी सांगितली नाहीत, तुम्ही ऐकली नाहीत. गोष्ट इथून सुरू होते:

मडकं फुटलं आणि आतून डाळिंब निघालं.

वाळून खडखडीत झालेलं एक डाळिंब. ते घरंगळत थोरले पंच शोबाल यांच्या पायाशी जाऊन थांबलं. शोबालांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "हा पट्टा नाही."

याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं.

आमच्याकडे मुलगा झाला की बाप एक मेंढा कापतो आणि त्याच्या कातड्याचा पट्टा करतो. पट्टा मडक्यात जातो. मडक्याच्या तोंडावर ओली माती थापायची आणि त्या मातीवर बापानं आपली मुद्रा फिरवायची. मुद्रा म्हणजे गळ्यातल्या दोरीत ओवलेला बोटाएवढा कोरीव दगड. मुलगा वयात आला की कातरणीच्या सणाला पंचांसमोर मडकं फोडतात आणि बाप पट्टा त्याच्या कमरेला बांधतो. मग तो माणूस. तोवर मूल. मुलाची साक्ष धरत नाहीत, मुलाला हिस्सा देत नाहीत, मुलगी तर नाहीच नाही. आणि पट्टा तोच लागतो, जन्माचा. दुसरा चालत नाही.

शेलाचं मडकं फोडायचं बावीस वर्षं राहून गेलं होतं.

त्याला कारण होतं. थोरल्या एरला पट्टा बांधला, तामारशी त्याचं लग्न लावलं आणि चाळीस दिवसांत एर गेला. भाऊ बिनपोराचा मेला तर त्याची बायको पाठच्या भावानं करायची, म्हणून ओनानला पट्टा बांधला, तामार दिली. ओनानही गेला. मग यहूदानं तामारला सांगितलं, "शेला मोठा होईपर्यंत माहेरी जाऊन थांब." शेला तेव्हा पंधराचा होता. पुढे तो उंचीनं वाढला, दाढीनं वाढला, दाढी पिकायलाही लागली. मोठा मात्र झाला नाही.

तामार पाच वर्षं थांबली. मग एका कातरणीच्या सणाला ती तोंडावर बुरखा घेऊन एनाईमच्या वाटेवर बसली. यहूदाची बायको वारली होती, तो त्याच वाटेनं आला. सुनेला ओळखलं नाही, वेश्या समजून तिच्याजवळ गेला. मोबदल्याचं करडू पाठवेपर्यंत तारण म्हणून त्यानं गळ्यातली मुद्रा आणि हातातली काठी तिच्याकडे ठेवली. तीन महिन्यांनी तामारला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा यहूदाच ओरडला, "जाळा तिला!" तिनं मुद्रा आणि काठी पाठवली. "ज्याच्या या वस्तू, त्याचंच हे पोर." यहूदानं मान खाली घातली. तामारला जुळं झालं, आणि तेव्हापासून ती यहूदाच्याच वस्तीवर राहते.

म्हणजे ती शेलाची दोनदा वहिनी, एकदा होणारी बायको आणि दोन सावत्र भावांची आई. तो तिला वहिनी म्हणायचा. काहीतरी एक म्हणायला हवं ना.

तर डाळिंब.

"पुढच्या वर्षी बघू," यहूदा म्हणाला. "देवाच्या मनात नसेल. थांब जरा, शेला."

"थांब?" गर्दीतून एक बाई पुढे आली. ही अतारा, कजीबच्या विणकराची मुलगी. वय एकतीस, सात वर्षं शेलासाठी खोळंबलेली, हाताला सुताचे घट्टे, आवाज पार मेंढवाड्यापर्यंत जाणारा. "थांब म्हणजे किती? आमच्या घरी मी शेलाचं नाव काढते तेव्हा माझा बाप विचारतो, 'तो लहान मुलगा का?' त्याच्या दाढीत मी पांढरे केस मोजलेत!"

तिचा बाप शेजारीच उभा होता. "मुलाला मुलगी देता येत नाही," तो म्हणाला. "आज पट्टा मिळाला तर ठीक. सावली त्या खांबाला टेकली की मी निघालो. गथचा तेली उद्या येतोय हिला मागायला. त्याला पट्टा आहे."

"त्याला दात नाहीत," अतारा म्हणाली.

"दातांचा नियम नाही."

शेला जमिनीवर बसून मातीचे तुकडे गोळा करत होता. झाकणाच्या मातीचे तीन मोठे तुकडे सापडले. त्यानं ते तळहातावर जुळवले. मातीत मुद्रेचा ठसा स्पष्ट होता. आयाळ, चार पाय, उघडा जबडा. जनावराची मागची बाजू गुळगुळीत, तिथं काहीच नव्हतं.

शोबालांनी वाकून पाहिलं. "शेळी आहे."

"सिंह आहे," यहूदा म्हणाला.

"शेपटी कुठाय?"

"सिंह आहे!"

हा वाद आमच्याकडे फार जुना. तो कुणी पुढे नेला नाही.

"मुद्दा असा," शोबाल उठून उभे राहिले. "माती अख्खी होती. आम्ही पाचही जणांनी फोडायच्या आधी पाहिली. म्हणजे पट्टा ज्यानं काढला त्यानं मडकं उघडून पुन्हा बंद केलं, आणि ते मुद्रेशिवाय होत नाही. मुद्रा यहूदाच्या गळ्यात असते. आयुष्यात फक्त तीन महिने नव्हती. ते तीन महिने ती कुणाकडे होती?"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या.

तामार लोकरीच्या गठ्ठ्यावर बसून खजूर खात होती. तिनं बी थुंकली. "पुन्हा? या खेपेला सरपण तरी वाळकं आणा. मागच्या वेळी इतकं ओलं होतं की जळायच्या आधी खोकूनच मेले असते."

"हिला राग असणार," कुणीतरी म्हणालं. "शेला दिला नाही म्हणून."

यहूदा जमिनीकडे बघत होता. शेलानं ते पाहिलं आणि तो मातीचे तुकडे मुठीत घेऊन उठला.

"चौकशी मी करतो," तो म्हणाला.

"मुलाला चौकशी करता येत नाही," शोबाल म्हणाले.

"मग नुसते प्रश्न विचारतो. मुलं प्रश्न विचारतात की नाही?"

पाचही पंचांनी डोकी एकत्र केली. बराच वेळ कुजबुज झाली. "विचारू शकतात," शोबाल म्हणाले. "मोठ्यांनी उत्तर द्यायलाच हवं असं नाही."

शेला तामारसमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, मुद्रा तुझ्याकडे होती तेव्हा तू या वस्तीत पाऊल टाकलंस?"

"मला बंदी होती. दोन नवरे खाल्लेली बाई मी. तुझ्या बापाची कुत्रीसुद्धा मला बघून आत जायची."

"कुणाच्या हाती मुद्रा पाठवली असशील."

"पाठवली ना. एकदाच. जळायला निघाले त्या दिवशी."

"मुद्रेवर काय आहे?"

"सिंह."

"नीट आठव."

"नीट?" तामार उभी राहिली. "तीन महिने तो दगड छातीशी धरून झोपले मी, शेला. माझा जीव त्या दगडात होता. आयाळीला अकरा रेघा. डावा पुढचा पाय जाड. शेपटी वर वळलेली, टोकाला गोंडा. अजून सांगू?"

"शेपटी होती?"

"सिंहाला नसते?"

"तुला माझा राग होता?"

"तुझा कसला राग? लेकरू होतास तू." ती परत बसली. "अजून आहेस."

हशा पिकला. सावली खांबापासून चार हातांवर होती.

पुढचा नंबर हीराचा. अदुल्लामचा हीरा हा यहूदाचा जुना दोस्त. सण असो, मयत असो, हीरा जेवायला असतोच. या वेळीही त्याच्या हातात मेंढीची बरगडी होती.

"हीराकाका, वहिनीला जाळायला काढलं त्या दिवशी तुम्ही होतात?"

"होतो म्हणजे? तुझ्या बापाच्या शेजारी उभा होतो. असा."

"मुद्रा कुणी आणून दिली?"

"तामारच्या माहेरचा गडी. फडक्यात बांधून आणली होती. आधी मीच सोडून बघितली."

"तेव्हा ती धड होती?"

"धडधाकट! तुला तो किस्सा सांगितला नाही का मी?" हीरानं बरगडी खाली ठेवली. एवढ्यावरून किस्सा किती आवडता ते कळलं. "मी मुद्रा तुझ्या बापाच्या हातात दिली. त्यानं ती बघितली, आणि बाबा रे, असा दचकला की मुद्रा गेली निसटून! थेट वेशीच्या चौथऱ्यावर. टक्! सिंहाची शेपटी उडाली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून शेपटी शोधतोय, इकडे सरपण पेटायला आलंय, ही उभी राहून ओरडतेय, 'आधी मला सोडा रे!' तेव्हापासून त्याचा सिंह शेळी झाला. सतरा वर्षं चिडवतोय मी."

"त्याच्या आधी शेपटी होती?"

"होती म्हणून तर उडाली!"

"मुद्रा नंतर कुणी घेतली?"

"त्यानंच. दोरीत ओवून गळ्यात."

शेलानं मान डोलावली आणि तो बापाकडे वळला. यहूदा लोकर कातरायची मोठी कात्री मांडीवर घेऊन बसला होता. पाऊणशे वर्षांचा म्हातारा, पण मान ताठ.

"बाबा, विचारू?"

"विचार."

"मडकं कधी बंद केलंत?"

"तुझ्या जन्माला. कजीबला. तुझी आई साक्षीला होती."

"ती नाहीये."

"नाहीये."

"मुद्रा रात्री झोपताना काढता?"

"एकदा हातची दिली, तेवढा धडा पुरे झाला. तेव्हापासून नाही काढत."

"अंघोळीला?"

"नाही."

"आजारी होतात, दोन सणांमागे. शुद्ध नव्हती. तेव्हा?"

"मुठीत होती," यहूदा अभिमानानं म्हणाला. "हीराला विचार. सोडवून घ्यायला बघत होता, चावलो त्याला."

हीरानं अंगठ्यावरचा वण सगळ्यांना दाखवला.

"म्हणजे सतरा वर्षांत मुद्रा दुसऱ्या कुणाच्याही हातात गेली नाही?"

"एकदाही नाही."

शेला वळला आणि त्यानं मातीचे तुकडे पंचांसमोर चौथऱ्यावर मांडले.

"मी दर कातरणीला हे मडकं हलवून बघायचो," तो म्हणाला. "लहानपणापासून. आत पट्टा आहे ना, एवढंच बघायला. धप्प वाजायचं. बाबा एनाईमच्या वाटेनं गेले त्या सणालाही धप्प वाजलं. पुढच्या सणाला जुळी तान्ही होती, तेव्हा वाजलं खडखड. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, कातडं वाळलं की वाजतं. मी विश्वास ठेवला. लहान होतो."

कुणी हसलं नाही.

"म्हणजे पट्टा गेला त्या एका वर्षात. त्यातले तीन महिने मुद्रा वहिनीकडे होती, म्हणून तुम्ही सरपणाकडे बघताय. बघा, पण आधी हे बघा." त्यानं ठशावर बोट ठेवलं. "मडकं माझ्या जन्माला बंद केलं तेव्हा सिंहाला शेपटी होती. वहिनीकडे होती तेव्हाही होती, गोंड्यासकट. गड्यानं आणली तेव्हाही होती, हे हीराकाका जेवत जेवत सांगतात, म्हणजे खरंच असणार. शेपटी उडाली बाबांच्या हातून, या चौथऱ्यावर. त्यानंतर मुद्रा त्यांच्या गळ्यातून हलली नाही. आणि मडक्यावरचा हा ठसा बिनशेपटीचा आहे."

शोबालांनी ठसा पाहिला. मग यहूदाच्या गळ्याकडे पाहिलं. मग पुन्हा ठसा.

"शेळीच आहे," ते हळूच म्हणाले.

"माझा पट्टा माझ्या बापानं चोरला," शेला म्हणाला.

कात्री यहूदाच्या मांडीवरून खाली पडली. कुणी उचलली नाही.

"चोरला नाही," यहूदा म्हणाला. "जाळला. सगळे म्हणायला लागले, आता तरी शेलाला पट्टा बांध. तू स्वतःच कबूल केलंयस, चूक तुझी होती. मी मडकं उघडलं. पट्टा हातात घेतला." त्यानं हात पुढे करून पाहिले, जणू पट्टा अजून तिथंच होता. "एरला या हातांनी बांधला. गेला. ओनानला या हातांनी बांधला. गेला. तिसऱ्यांदा गाठ मारता येईना मला. मग चुलीत टाकला. मडकं हलकं लागेल म्हणून ताटातलं डाळिंब उचलून आत टाकलं."

"आणि आज?"

"या विणकरानं पंचांकडे तक्रार केली. मला नाही म्हणता येईना. वाटलं, लोक म्हणतील देवाची करणी."

"लोक म्हणाले तामारची करणी!" शेलाचा आवाज फाटला. "आणि तू गप्प बसलास! दुसऱ्यांदा! एकदा स्वतःच्या तोंडानं जाळायला काढलंस तिला, आज नुसतं खाली बघून काढलंस! इतका भितोस तू माझ्या मरणाला, की तिला मारायला निघालास?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बापाला 'तू' म्हटलं होतं. कातरणारे थांबले. मेंढ्यासुद्धा थांबल्या, पण मेंढ्या तशाही थांबतात.

"तू जिवंत आहेस," यहूदा म्हणाला. "सदतीस वर्षांचा जिवंत आहेस. माझे दोघं पंचविशीलाही पोचले नाहीत. शिव्या दे, तू-तू कर. पण उभा राहून करतोयस ना?"

"उभा आहे! गोठ्यात बांधून ठेवलेलं जनावरही उभंच असतं! वहिनीची पाच वर्षं गेली, माझी बावीस. अताराची सात. तुझ्या एका भीतीला किती माणसं पोसायची रे आम्ही?"

यहूदा म्हणाला, "पट्टा बांधला की तू मरणार नाहीस एवढं मला कुणीतरी सिद्ध करून द्या. आत्ता दुसरा मेंढा कापतो."

सगळे पंचांकडे बघू लागले. पाच डोकी पुन्हा एकत्र झाली. या वेळी कुजबुज फार लांबली. सावली खांबाला टेकली.

"निर्णय," शोबाल म्हणाले. "एक. आरोप मुलानं केला आहे. मुलाची साक्ष धरत नाहीत, म्हणून आरोप झालेला नाही. दोन. यहूदा जे बोलला ते मुलाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून बोलला. बापानं मुलाची समजूत घालणं म्हणजे कबुली नव्हे. म्हणून कबुली झालेली नाही. तीन. गुन्हा घडलेला नसल्यामुळे तामारवर संशयही घेतला गेलेला नाही. तिनं उगाच मनाला लावून घेऊ नये."

"नाही लावून घेत," तामार म्हणाली. "नाव सांगा फक्त, सरपण आणायला कोण पळालं होतं त्याचं."

"चार," शोबालांनी घाईघाईनं पुढे सांगितलं. "बापाची खात्री पटली तर या एका खेपेला दुसऱ्या पट्ट्याला पंचांची हरकत नाही. तोवर शेला मूल."

"वेडे आहात तुम्ही पाचही जण!" अतारा ओरडली. "त्यानं तुमच्या नाकासमोर चोर पकडून दिला!"

"हुशार मूल आहे," शोबाल म्हणाले.

विणकरानं मुलीचा हात धरला. "झालं. चल."

"थांबा," शेला म्हणाला. आता त्याचा आवाज एकदम शांत झाला होता. "मुलाला साक्ष देता येत नाही. अर्ज करता येतो?"

शोबालांनी इतरांकडे पाहिलं. "अर्ज कुणालाही करता येतो. विधवेला, परक्याला, मुलाला."

"अर्जाचा निकाल लागेपर्यंत?"

"जे जिथं आहे ते तिथंच राहतं. कुणी काही द्यायचं नाही, न्यायचं नाही."

"मुलगीसुद्धा?"

"अर्ज पट्ट्याबद्दल असेल तर मुलगीसुद्धा. पण अर्जात पंचांनी काय करायचं ते लिहावं लागतं."

शेलानं फुटक्या मडक्याची सर्वांत मोठी खापरी उचलली, चुलीतला कोळसा घेतला आणि लिहायला बसला. विणकर वाकून वाचू लागला. वाचता वाचता त्यानं मुलीचा हात सोडला. त्याला हिशेब कळला होता. या अर्जाचा निकाल त्याच्या हयातीत लागणार नव्हता, आणि गथच्या तेल्याच्या हयातीत तर नाहीच.

अतारानंही वाचलं. "म्हणजे तेली गेला."

"गेला."

"आणि आपण थांबायचं?"

शेलानं कोळसा खाली ठेवला.

"तुमच्या घरातला हा शब्द मी आता ऐकणार नाही," ती म्हणाली. तिनं आपल्या कमरेची तागाची पट्टी सोडली, स्वतः विणलेली, लाल काठाची. सगळ्यांसमोर ती शेलाच्या कमरेला गुंडाळली आणि विणकर मारतात तशी न सुटणारी गाठ मारली. शेलाचे डोळे मिटले होते. यहूदानं तोंड फिरवलं. मग राहवलं नाही, पुन्हा बघितलं. शेला उभाच होता.

"कजीबला चल," अतारा म्हणाली. "मागावर दोन माणसं लागतात."

ते दोघं वेशीतून बाहेर पडले. पंचांच्या म्हणण्याप्रमाणे, ताग म्हणजे कातडं नव्हे, त्यामुळे कुणी बाहेर पडलेलं नाही. खापरी मात्र चौथऱ्यावर होती, आणि तिच्यावर हे लिहिलेलं होतं:

'वेशीवरील मान्यवर पंच यांस. अर्जदार शेला बिन यहूदा, वय सदतीस, मूल, राहणार कजीब. कारणे अर्ज सादर करतो ऐसा जे: पट्टा बांधल्याने मनुष्य मरत नाही, हे सिद्ध करण्याविषयी वडिलांची अट आहे. सबब अर्जदाराचे थोरले बंधू एर व ओनान, दोघेही मयत, यांना वेशीवर समक्ष हजर राहण्याचा हुकूम व्हावा. आपण पट्ट्याने, बायकोने अथवा धाकट्या भावाने मेलो नाही, अशी त्यांची साक्ष वडिलांच्या समोर घेण्यात यावी. त्यांच्या येण्याची व्यवस्था पंचांनी करावी. एर यांस लहानपणापासून उशीर करण्याची सवय आहे, तरी त्यांच्यासाठी दिवस मावळेपर्यंत कामकाज बंद करू नये, ही विनंती.'